हाराखालची ओळ

प्रिय बाबा,

सविनय जयभीम.

तुम्हाला जाऊन आज वर्ष झालं. सकाळी विहारात तुमचं पुण्यानुमोदन झालं, जेवणं झाली, मांडववाला खुर्च्या घेऊन गेला, आणि आता दुपारचे चार वाजलेत. आई मोरीत बसून मोठाली पातेली घासते आहे. भांड्यांना बाई आली होती, तिला आईनं हातावर खिरीचा डबा देऊन परत पाठवलं. यावरून काय ते समजून घ्या. सकाळपासून ती माझ्याशी दोन-तीन वाक्यांपलीकडे बोललेली नाही.

तुमच्या टेबलावर माझ्यासमोर एक फॉर्म पडला आहे. हैदराबादच्या शाळेचा, तुमच्या नातीच्या, मैत्रीच्या, पहिलीच्या प्रवेशाचा. निखिलची सही झाली आहे, माझी बाकी आहे. उद्या सकाळी दहाच्या आत सही करून फोटो पाठवायचा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाणार. पेन तीनदा उचललं आणि तीनदा ठेवलं. चौथ्यांदा उचललं तेव्हा फॉर्म बाजूला सारून तुमची वही ओढली. आईशी बोलता येत नाही, निखिलशी बोलून झालं, मग उरलं कोण? तुम्हीच.

मराठीतच लिहिते आहे. शाळा माझी हिंदीतली, नोकरी इंग्रजीतली. तुमच्याशी हिंदीत बोललेलं तुम्हाला चालायचं, पण चिट्ठी हिंदीत चालायची नाही. जबलपूरच्या हॉस्टेलमधून पाठवलेली माझी पत्रं तुम्ही लाल पेनानं तपासून परत पाठवायचात! मुली पोट धरून हसायच्या. या पत्रात चुका सापडल्या तर आता मात्र तुमचा काही इलाज नाही.

बाबा, त्या शाळेवरून आपलं बिनसलं, आणि ते नीट करायचं राहून गेलं.

तुम्ही ती शाळा कधी पाहिली नाहीत. मी नेते म्हटलं होतं, तुम्हीच नको म्हणालात. ‘वॉल्डॉर्फ’ हा शब्द तुमच्या जिभेवर कधी बसला नाही, म्हणून तुम्ही तिला ‘ते तुमची बिनअक्षराची शाळा’ म्हणायला लागलात. शहराच्या टोकाला, कडुलिंबांमध्ये चार कौलारू खोल्या. लाकडाचे ठोकळे, लोकरीचे गोळे, कापडाच्या बाहुल्या. मुलं कणीक मळतात, गाणी म्हणतात, झाडावर चढतात, गोष्टी ऐकतात. सात वर्षांचं होईपर्यंत अक्षर नाही. फळ्यावर नाही, वहीत नाही, भिंतीवर नाही. मूल आतून तयार झालं की मगच अक्षर द्यायचं, त्याआधी द्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. पहिलीत गेलं की एकच बाई आठ वर्षं त्या मुलांबरोबर वर चढत जाते. आईनं तिथली बाहुली पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा उलटीसुलटी करून विचारलं होतं, “इले तोंड काहून नाई वो?” मी म्हटलं, मुलांनी मनानं तोंड लावावं म्हणून. आई म्हणाली, “मंग मास्तरीन कायले ठेवली?”

तुम्ही तेव्हा हसला नाहीत. तुम्ही घाबरला होतात, हे मला आता कळतं. ज्या घरात तुमच्या बाबांपर्यंत कोणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, त्या घरातली पोर शाळेत जाणार, आणि शाळाच म्हणणार की अक्षर नको! तुम्हाला ते काय वाटलं असेल?

पण तुम्हाला खरं कारण मी सांगितलंच नव्हतं. आज सांगते.

त्याआधी मैत्री एका मोठ्या इंग्रजी शाळेत होती. त्या शाळेचं तुम्हाला फार कौतुक. ‘तीन मजली हाये, लिफ्ट हाये’ म्हणून तुम्ही अख्ख्या वॉर्डात सांगितलं होतं. साडेतीन वर्षांच्या पोरीला शंभरपर्यंत आकडे लिहायला लावायचे. रेघेबाहेर गेलं की पुन्हा पहिल्यापासून. दिवाळीनंतर ती बोटं खायला लागली. नखं नव्हे बाबा, बोटं. शेंड्यांची कातडी सोलून रक्त यायचं. शाळेच्या बसमधून उतरली की संध्याकाळपर्यंत तोंड उघडायची नाही. मला बोलावून घेतलं, आणि एक बाई तिच्या देखत म्हणाल्या की मुलगी मंद आहे, तपासून घ्या.

मंद! धर्मदास गुरुजींची नात! हे मी तुम्हाला फोनवर कोणत्या तोंडानं सांगणार होते? तुम्ही रोज संध्याकाळी विचारायचात, “काय लिहिलन आज आमच्या मास्तरनीनं?” आणि मी म्हणायची, खूप लिहिलं. डॉक्टरांनी तपासलं. पोरीत काही खोट नव्हती. ती भ्याली होती, एवढंच. आम्ही शाळा सोडवली, शहरभर फिरलो, सोळा शाळा पाहिल्या. त्या कौलारू खोल्यांमध्ये ती पहिल्या दिवशी एका कोपऱ्यात बसून राहिली. तिला कोणी उठवलं नाही. तिसऱ्या आठवड्यात ती घरी येताना गुणगुणत होती. मी स्कूटर रस्त्याच्या कडेला थांबवून रडले.

हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पहिल्या गाडीनं येऊन त्या शाळेच्या बाईंच्या पाया पडला असतात. मला माहीत आहे. पण मी लपवलं. तुम्हाला वाटलं, पोरीला शहराचं वारं लागलं, पैसेवाल्यांची फॅशन आहे. मी तसं वाटू दिलं, कारण ते सोपं होतं.

आणि मग तुम्ही आलात. गोंदियाहून रात्रभर बसून, पिशवीत बाराखडीचा तक्ता गुंडाळून. कापडावर छापलेला, खाली-वर लाकडी पट्ट्या लावलेला. तो तुम्ही खास नागपूरहून मागवला होता. सकाळी मी चहा टाकत होते आणि तुम्ही हॉलमध्ये खिळा शोधत होतात. मैत्री तुमच्या पाठीवर लोंबकळत होती. मी बाहेर आले आणि म्हटलं, “बाबा, हे लावू नका. शाळेत चालत नाही. घरीसुद्धा अक्षर दाखवायचं नाही, असं त्यांनी सांगितलंय.”

तुम्ही विचारलंत, “घरी बी?”

मी म्हटलं, हो.

तुम्ही तक्ता परत गुंडाळलात. दोरी बांधलीत. पाच दिवस राहायला आला होतात, तिसऱ्या दिवशी म्हणालात की किरनापूरला एकाचं लग्न आहे, जावं लागते. कुणाचं लग्न होतं बाबा? मी आईला नंतर विचारलं. कोणाचंच नव्हतं.

तुम्ही भांडला काहून नाहीत? किरनापूरच्या शाळेत मास्तर होतात तेव्हा, जी माणसं पोरं पाठवत नव्हती त्यांच्या दारात तुम्ही बसून राहायचात. तहसीलदारासमोर टेबलावर हात आपटलेला माणूस तुम्ही! माझ्यासमोर मात्र दोरीची गाठ मारून उठलात. एकदा ओरडला असतात तर मी रडले असते आणि सगळं सांगून टाकलं असतं. तुमच्या त्या शांतपणाचा मला अजून राग येतो.

त्यानंतर फोनवर तुम्ही तिला विचारायचात फक्त जेवली का, खेळली का. एकदा मला म्हणालात, “तिले गोष्ट सांगू का वो? का तेही बंद हाये?” मी हसले. तुम्हीही हसलात. चार महिन्यांनी तुम्ही गेलात.

आता आजचं ऐका.

तुम्हीच पाडलेली चाल आहे ही. विहाराला कोणी काही दान दिलं की त्यावरचं नाव त्या घरातल्या सगळ्यात लहान शाळकरी पोरानं उभं राहून वाचायचं. पंखा असो, सतरंजी असो, पाण्याची टाकी असो. वॉर्डात आता लोकांना वाटतं की ही रीत पहिल्यापासूनचीच आहे. आईनं तुमच्या नावानं अभ्यासिकेला पुस्तकांचं कपाट दिलं. पेंटरकडून त्यावर तीन ओळी लिहून घेतल्या. आणि दहा दिवसांपूर्वी फोनवर मला विचारलं, “मैतूची तयारी हाये न? कपाटावरचं तिलेच वाचा लागन.”

मी म्हटलं, “हौ.”

बस, तेवढाच एक शब्द. ‘आई, तिला अजून वाचता येत नाही’ एवढं म्हणायला काय झालं होतं मला? पण डोळ्यांपुढे अख्खा वॉर्ड आला. गुरुजींची नात, सहा वर्षं पूर्ण, हैदराबादच्या शाळेत, आणि वाचता येत नाही! आपल्या माणसांसमोर हे म्हणणं फार जड जातं बाबा. दुसऱ्या कुणाची पोर असती तर हसून सोडलं असतं.

मी आईला सांगून तिन्ही ओळी मागवून घेतल्या आणि गाडीत मैत्रीकडून पाठ करून घेतल्या. ‘स्मृतिशेष धर्मदास गुरुजी यांच्या स्मरणार्थ. किरनापूरच्या मुलांना त्यांनी अक्षर दिले. विहाराच्या अभ्यासिकेस सप्रेम भेट.’ तिच्या शाळेत सगळं कानानंच शिकवतात, दोनदा ऐकलं की तिच्या तोंडात बसतं. बल्लारशा यायच्या आत पाठ झालं. मग मी तिला बोट फिरवायला शिकवलं. या शब्दाला इथे, मग खाली ये, मग पुन्हा डावीकडून. मासिकाच्या पानावर सराव केला. तिला वाटलं, आबांसाठी, म्हणजे तुमच्यासाठी, खेळ आहे. म्हणाली, “आई, आबांना मजा येईल ना?” मी तिच्याकडे न बघता हो म्हटलं.

सकाळी त्रिशरण-पंचशील झालं. भंतेजी बोलले. मग भोजराजनं, तुमचा किरनापूरचा विद्यार्थी, तो आता विहार समितीचं बघतो, कपाट पुढे आणवलं आणि त्याला झेंडूचा जाड हार घातला. मैत्री पांढऱ्या फ्रॉकमध्ये पुढे गेली, हात जोडले, बोट उचललं. 

पहिली ओळ झाली. बोट बरोबर चाललं. शंभर माणसं शांत बसली होती.

तेवढ्यात हार सरकला. एका बाजूची गाठ सैल होती, आणि तो सगळा खाली येऊन मधल्या ओळीवर बसला. एक अक्षर दिसत नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं, मैतू थांब. पण ती कशाला थांबेल? तिला काय माहीत की वाचणारा माणूस इथे अडतो? तिनं खाली सरकून झेंडूच्या फुलांवरून डावीकडून उजवीकडे बोट फिरवलं आणि खणखणीत म्हणाली, “किरनापूरच्या मुलांना त्यांनी अक्षर दिले.”

मागून एका म्हातारीचा आवाज आला, “फुलाईतून दिसते का वो तिले?”

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मैत्रीनं तिसरी ओळ म्हटली, वाकून नमस्कार केला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरगी लहान आहे म्हणून, तुमची नात आहे म्हणून. भोजराजनं पुढे होऊन हार नीट केला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. मी मान खाली घालून सतरंजीची वीण बघत बसले. आई मात्र माझ्याकडे बघत होती. मला न बघताही ते कळत होतं.

पंगतीच्या वेळी भोजराज भाताचं घमेलं घेऊन आला. बिचारा समजूत घालायला आला होता. “ताई, मनाले लावून घेऊ नका. गुरुजीनं आमाले बी सहा महिने पुस्तक नाई दाखवलं. चिंचोके मांडाले लावत, गाने म्हनाले लावत, नाल्यावर नेत. मंग शिकवलं अक्षर.”

बुडत्याला काडी मिळाली बाबा! मी आईकडे वळून म्हटलं, “ऐकलंस? बाबासुद्धा तसंच शिकवायचे. माझी शाळा वेगळं काय सांगते?”

आई वाढता वाढता थांबली. सकाळपासून माझ्याशी बोललेली तेवढीच वाक्यं. “पुस्तकं आलेच नवते तवा. ज्या दिवशी आले त्या दिवशी त्यायनं सायकलवर घालून घरोघर वाटले. तू तं घरात असलेले लपवून राह्यली.”

भोजराज घमेलं घेऊन पुढच्या पंगतीला गेला.

खरं आहे ते. तुमचा तक्ता माझ्या घरात माळ्यावर आहे. तुम्ही तो जाताना सोफ्यामागे ठेवून गेलात, तो मला महिन्यानं सापडला. मी तो जुन्या सूटकेसच्या मागे ढकलला, मैत्रीच्या हाती लागू नये म्हणून. वर्तमानपत्रसुद्धा आम्ही बंद केलं.

आणि मग ते झालं, ज्यामुळे हे पत्र लिहिते आहे. लोक जेवत होते. मी खिरीची वाटी घेऊन मैत्रीला शोधत होते. ती कपाटासमोर स्टुलावर चढली होती आणि पुन्हा सरकलेला हार एका हातानं वर उचलून धरला होता. मला बघून म्हणाली, “आई, मी बोलले ते इथे खरंच लिहिलंय?”

साधा प्रश्न. फॉर्ममधली ओळ आठवली: घरी मुलाला अक्षरओळख करून देणार नाही. माझ्या तोंडून निघालं, “नंतर सांगते.”

आई मागेच उभी होती. तिनं पदराला हात पुसला, मैत्रीचं बोट धरलं आणि हाराखालच्या ओळीवर टेकवलं. “हे पाय. हा अ. हा क्ष. हा र. अक्षर.” पुन्हा एकदा म्हटलं. मैत्रीनं र वरून तीनदा बोट फिरवलं. मग स्टुलावरून उडी मारून पळाली. विहाराच्या ताटांवर, ग्लासांवर देणाऱ्यांची नावं कोरलेली असतात ना? जेवणाऱ्या माणसांच्या हातातले ग्लास वाकवून वाकवून बघत ती अख्ख्या पंगतीत फिरली. “इथे पण आहे! इथे पण आहे!” दोनदा स ला र म्हणाली. एका आजोबांचं ताक सांडलं. तिचं बोट तोंडात नव्हतं बाबा. मी आधी तेच बघितलं.

आनंद झाला, आणि भीतीही तेवढीच वाटली. कारण ही शाळा मला हवी आहे. ज्या जागेनं माझ्या पोरीला बोलतं केलं ती जागा मी गमावली तर? पुन्हा तीन मजली शाळा, पुन्हा रेघा? मी त्या शाळेवर रागावलेली नाही. तिथल्या बाई रोज दारात उभं राहून प्रत्येक मुलाचा हात हातात घेतात. असं माझ्यासाठी कोणी केलं होतं? तुम्ही केलं होतंत.

तीन वाजता गच्चीवर जाऊन हैदराबादला निखिलला फोन केला. तो म्हणाला, “करून टाक न सही. घरी पाहाले कोन येते? सगळेच मायबाप करते तशी.” तो वाईट माणूस नाही, त्यालाही पोरीचीच काळजी आहे. पण ‘करून टाक सही’ म्हटल्यावर मला तुमचे बाबा आठवले.

ती गोष्ट तुम्ही मला किती वेळा सांगितलीत! आजाला वाचता येत नव्हतं, पण कुणीतरी त्याला त्याचं नाव गिरवायला शिकवलं होतं. तो नाव चित्रासारखं काढायचा, आणि त्याचा त्याला भारी अभिमान. रस्त्याच्या ठेकेदारानं एकदा मजुरांना कागद दिले. अंगठेवाल्यांना मुनीमानं कागद वाचून दाखवला, त्यांनी अंगठा द्यायला नकार दिला. आजानं मात्र ऐटीत पेन मागितलं. सही येणाऱ्याला कोण वाचून दाखवणार? मी राजीखुशीनं काम सोडतो, असं त्यावर लिहिलं होतं. तुम्ही म्हणायचात, “ज्याले येत नाई त्याले कोनीतरी वाचून दाखवते. येते असं दाखवनाऱ्याले कोनीच नाई.” म्हणून तर तुम्ही ती वाचायची चाल पाडली होती, पोरं चित्र काढतात की खरंच वाचतात ते कळावं म्हणून. आणि मी, तुमची शिकलेली पोरगी, त्याच चालीसाठी तुमच्या नातीला बोट फिरवायला शिकवून आणलं. माफ करा, असं म्हणवतसुद्धा नाही.

गच्चीवरूनच मी मैत्रीच्या वर्गाच्या बाईंना फोन लावला. रविवार असूनही त्यांनी उचलला. सगळं सांगितलं. तक्ता, पाठांतर, हार, आईनं दाखवलेलं अक्षर, सगळं. फॉर्मवर ती ओळ खोडून सही करू का, असं विचारलं, कारण ती ओळ आजच खोटी झाली आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, मूल विचारेल तेवढं सांगावं, मागे लागू नये, असं त्यांना स्वतःला वाटतं. पण फॉर्म त्यांच्या हातात नाही. खोडलेला फॉर्म शाळेच्या समितीपुढे ठेवावा लागेल. जागेची खात्री त्या देऊ शकत नाहीत.

खात्री कोणीच देत नाही. तुम्ही असतात तर तुम्हीही दिली नसतीत. चष्मा पुसत म्हणाला असतात, “तुले काय वाटते ते सांग.”

मला काय वाटतं सांगू? मला वाटतं, ती शाळा बरोबर आहे आणि आईसुद्धा बरोबर आहे. पोरीच्या हातात अक्षर कोंबायचं नाही, हे मी रक्त आलेली बोटं बघून शिकले. पण तिनं हार उचलून विचारलं तर ‘नंतर सांगते’ म्हणायचं नाही, हे मी आज शिकले. या दोन्ही गोष्टी एका फॉर्मवर मावत नसतील तर मी काय करू?

हे लिहिता लिहिताच मी उठून ती ओळ खोडली, बाबा. पट्टी लावून, सरळ रेघेत, तुम्ही चुका खोडायचात तशी. बाजूला लिहिलं: ‘आमची मुलगी विचारेल तेव्हा आम्ही सांगू. न विचारता शिकवणार नाही.’ त्याखाली सही केली. फोटो काढून पाठवला. आत्ताच दोन निळ्या खुणा दिसल्या, म्हणजे कोणीतरी वाचलं आहे. उत्तर नाही. निखिलला अजून सांगितलेलं नाही. तो चिडणार. 

आता मोरीत जाते. पातेली अजून घासली जात आहेत, आणि आईचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. तिला त्या इंग्रजी शाळेचं सांगते, बोटांचं सांगते, ‘मंद’ म्हणाल्या तेही सांगते. आधी ती मला बोलेल. बोलू दे.

तुम्हाला वचन देते. समिती नाही म्हणाली तर दुसरी शाळा शोधीन, पायी फिरून शोधीन, पण मैत्रीला मंद म्हणणाऱ्या दारात परत नेणार नाही. घरात अक्षर लपवणार नाही. हैदराबादला गेल्यावर पहिल्या दिवशी तुमच्या तक्त्यासाठी खिळा ठोकीन. आणि पुढल्या वर्षी याच दिवशी ती विहारात उभी राहील. वाचता आलं तर वाचेल. नाही आलं तर सगळ्या वॉर्डासमोर म्हणेल, ‘मला अजून येत नाही, कोणीतरी वाचून दाखवा.’ मी तिच्या बाजूला उभी असेन, मान वर करून, आणि मोठ्यानं वाचीन.

तुमची,
करुणा